लाखेच्या तबकड्या व त्यांचे जुने बाजार

१. विषयप्रवेश

जुन्या पोथ्या, ताम्रपट, नाणीं, सनदा व खासगी पत्रें हीं इतिहासाचीं साधनें होत, ह्याविषयीं आतां वाद उरलेला नाहीं. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभापासून लाखेच्या तबकडीवर उतरूं लागलेला मनुष्याचा आवाज हेंही तितकेंच अस्सल साधन आहे, ही गोष्ट आमच्या संशोधकांच्या ध्यानांत अद्याप पुरतेपणीं आलेली दिसत नाहीं. पोथीला मठ मिळाला, मोडी कागदांना दप्तरखाना मिळाला. तबकडीला मात्र आश्रय मिळाला तो बहुधा जुन्या मालाच्या दुकानाचा. तबकडी जपावी अशा बुद्धीनें हें दुकान निघालें नव्हतें. चार पैसे सुटावे एवढाच त्याचा हेतु. तरीही आज संग्राहकांजवळ ज्या जुन्या मराठी ध्वनिमुद्रिका आहेत, त्यांपैकीं पुष्कळशा कोणत्या ना कोणत्या जुन्या बाजारांतून आलेल्या आहेत.

हें दुकान आतां मोडत चाललें आहे. तें कसें चालत असे, कां मोडलें, कोठें व कोणत्या रूपानें टिकलें, आणि त्याच्या मोडण्यानें चंद्रपूर व गडचिरोली ह्या वनप्रदेशांतील साधनांचें काय होणार, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यांतून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. लेखांत ‘चांदा’ असें जेथें म्हटलें आहे, तेथें दोन्ही जिल्ह्यांचा मिळून पूर्वीचा प्रदेश समजावा.

२. तबकडीचें द्रव्य

तबकडी शहरांत विकली गेली तरी तिचें मुख्य द्रव्य रानांतलें आहे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. पळस, कुसुम व बोर ह्या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात व आपल्या अंगाभोंवतीं राळेसारखें कवच करतात. पळस व बोर ह्यांवरील लाखेस रंगीनी आणि कुसुमावरील लाखेस कुसमी म्हणतात. फांद्यांवरून खरवडलेली लाख धुवून, कापडी पिशवींत तापवून पिळली व तिचे पातळ पापुद्रे ओढले म्हणजे चपडी लाख, म्हणजेच शेलॅक, तयार होतें. हा धंदा मिर्झापुराकडे मोठा होता व माल कलकत्त्याच्या बंदरांतून परदेशीं जात असे. एमिल बर्लिनर ह्यानें १८९७ च्या सुमारास कठीण रबर सोडून तबकडीसाठीं शेलॅकचें मिश्रण स्वीकारलें आणि हिंदुस्थानच्या लाखेस एक नवें गिऱ्हाईक मिळालें. मिश्रणांत शेलॅक सामान्यतः चौथ्या हिश्शाच्या आसपास. बाकी दगडाची बारीक पूड, काजळी व सुताचे तंतु. लाख चिकटवून धरी, पूड झीज सोशी.

मध्यप्रांताच्या रानांतून लाख बाहेर जात असे व चांद्याच्या रानांत पळस व कुसुम विपुल आहेत. लाखेच्या पोत्यावर रानाचें नांव टिकत नाहीं. म्हणून अमुक तबकडींत अमुक गांवची लाख आहे असें दाखवूं पाहणें व्यर्थ होय. पण ज्या प्रदेशांतील माणसें लाख खरवडून व्यापाऱ्यास देत होतीं, त्याच प्रदेशांत तीच लाख गाणें घेऊन परत आली, एवढा व्यवहार निश्चित आहे. आरंभीं हा फेरा फारच लांबचा होता. फ्रेड गैसबर्ग ह्यानें नोव्हेंबर १९०२ मध्यें कलकत्त्यास हिंदुस्थानांतील पहिलें व्यापारी ध्वनिमुद्रण केलें, तेव्हां त्याचे ठसे जर्मनींतील हॅनोव्हरला गेले व तेथें तबकड्या छापून इकडे आल्या. पुढें १९०८ सालीं कलकत्त्याजवळ सियालदह येथें कारखाना निघाला व तबकड्या देशांतच छापल्या जाऊं लागल्या.

हें द्रव्य दुर्लभ झालें म्हणजे जुन्या तबकडीवर काय संकट येतें, ह्याचा अनुभव दुसऱ्या महायुद्धांत आला. अमेरिकेंत १९४२ सालीं तबकड्यांसाठीं शेलॅक वापरण्यावर कडक मर्यादा घातली गेली आणि नवी तबकडी घ्यावयाची तर जुनी परत करावी, अशी पद्धति विक्रेत्यांनीं सुरू केली. परत आलेल्या तबकड्या दळून त्यांच्याच नव्या केल्या. ताम्रपट वितळवून भांडें करावें, त्यांतलाच हा प्रकार.

३. तबकडीवरील लेख कसा वाचावा

हस्तलिखिताच्या संग्राहकास तबकडी वाचणें अवघड जाऊं नये. पोथीच्या शेवटीं पुष्पिका असते, तशी पुष्कळ आरंभीच्या तबकड्यांच्या शेवटीं गाणाऱ्याची उद्घोषणा असते. गौहर जान गाणें संपतांच आपलें नांव इंग्रजींत सांगते, हें प्रसिद्ध आहे. हा केवळ थाट नव्हे. हॅनोव्हरच्या कारागिरांस भाषा कळत नव्हती. कोणत्या ठशास कोणाचें नांव लावावें, हें त्यांस ह्या उद्घोषणेवरून समजे.

कागदी चिठीवर कंपनीचें नांव, गाणाऱ्याचें नांव, राग व नाटक आणि यादीचा क्रमांक असतो. त्याखेरीज, चिठीच्या जवळ, लाखेंतच कोरलेला दुसरा एक क्रमांक असतो. तो मूळ ठशाचा. हा भेद पक्का ध्यानांत ठेवावा. तीच वस्तु पुन्हा छापली म्हणजे चिठी बदलते, यादीचा क्रमांक बदलतो, क्वचित् नांवाचें लेखनही बदलतें. ठशाचा क्रमांक मात्र बहुधा तोच राहतो. ग्रामोफोन कंपनीच्या आरंभीच्या काळांत ह्या क्रमांकास जोडलेल्या अक्षरावरून मुद्रण कोणी केलें हेंही कळतें. चिठी ही नकलेची तारीख व ठसा ही मूळ लेखाची तारीख, असें समजून चालल्यास फसगत होणार नाहीं. मायकेल किनियर ह्यांनीं १८९९ ते १९०८ ह्या काळांतील ग्रामोफोन कंपनीच्या हिंदी मुद्रणांची जी सूचि १९९४ सालीं प्रसिद्ध केली, ती अशाच प्रकारच्या क्रमांकांवर उभी आहे.

काळ ठरविण्यास आणखीही खुणा आहेत. अगदीं आरंभीच्या तबकड्या एका बाजूच्या असत. दुबाजू तबकड्या १९०८ च्या सुमारास रूढ होऊं लागल्या. १९२५ पूर्वींचीं मुद्रणें कर्ण्यांत तोंड घालून केलेलीं. त्यानंतर विजेचा ध्वनिग्राहक आला व आवाजाची जात पालटली. वेग मिनिटास ७८ फेरे असा पुढें ठरला. जुन्या तबकड्या त्याच वेगानें घेतल्या असतील असें धरूं नये, नाहीं तर गाणाऱ्याची पट्टी चुकीची सांगितली जाते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मिळत. एवढ्या अवधींत ख्याल किंवा नाट्यपद बसविण्यासाठीं गवयांनीं काय राखलें व काय टाकलें, हा संगीताच्या इतिहासांतील स्वतंत्र प्रश्न आहे, व त्याचें उत्तर तबकडीखेरीज कोठें मिळावयाचें नाहीं.

आवाज राहिला किंवा गेला ह्यांत अंतर किती थोडें असतें पाहा. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं वारले आणि मुद्रण करणारे लोक १९०२ च्या अखेरीस आले. ज्या आवाजावर एक पिढी लुब्ध झाली, तो आज केवळ वर्णनांतून जाणावा लागतो. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते, परंतु त्यांची तबकडी उपलब्ध नाहीं. केशवराव भोसले १९२१ सालीं, अवघ्या एकतिसाव्या वर्षाच्या सुमारास, गेले. पण तबकड्या मागें ठेवून गेले, म्हणून त्यांच्या गायनाविषयीं ऐकून बोलतां येतें.

४. जुन्या दुकानाचा व्यवहार

नवी तबकडी विकणारा व जुनी विकणारा हे भिन्न व्यापारी. पहिला कंपनीचा अधिकृत विक्रेता; त्याच्याजवळ यादी, दर व नवा माल. दुसऱ्याचा माल घरें मोडल्यानें येतो. वाटणी झाली, वडील माणूस गेलें, वाडा पाडला, बदली झाली, म्हणजे माळ्यावरचें सामान खालीं येतें. प्रथम भंगारवाला येतो. त्याच्या काट्यावर पितळी कर्ण्यास धातूचा भाव असतो, लाखेच्या तबकडीस कांहींच नसतो. म्हणून यंत्र मोडून कर्णा वेगळा निघतो व तबकड्या फुकट अगर ढिगाच्या दरानें जुन्या बाजारांत जातात. मुंबईस चोरबाजारांतील मटन स्ट्रीट, पुण्यास बुधवारीं व रविवारीं भरत आलेला जुना बाजार, कलकत्त्यास फ्री स्कूल स्ट्रीट, हीं ह्या मालाचीं नांवाजलेलीं ठिकाणें.

दुकानदार ढीग घेतो तेव्हां आंत काय आहे हें त्यास ठाऊक नसतें. तो तबकडी उजेडाकडे तिरपी धरून चरे पाहतो, कडेवर बोट फिरवून तडा पाहतो, बोटाच्या टिचकीनें अखंड व तडकलेली ह्यांचे नाद ओळखतो. मग भाषेनें, गाणाऱ्यानें व स्थितीनें वांटणी करतो. जें चटकन् विकेल तें पुढें, बाकी मागें. हें ज्ञान पुस्तकांत नाहीं; हजारों तबकड्या हातांखालून गेल्यावर तें येतें. कोणत्या वर्षीं चिठीचा रंग बदलला, कोणत्या कंपनीची लाख ठिसूळ, कोणता गवई दुसऱ्या नांवानें गायला, हीं उत्तरें कित्येकदां संशोधकास अशा दुकानाच्या फळीवर बसून मिळालेलीं आहेत.

पण ह्या व्यवहाराचा दोषही सांगितला पाहिजे. ढीग फोडला कीं त्याचें घर हरवतें. एका कुटुंबानें तीस वर्षांत ज्या शंभर तबकड्या घेतल्या, त्या एकत्र असतांना त्या कुटुंबाची रुचि, ऐपत व त्या गांवाचा बाजार ह्यांविषयीं साक्ष देतात. वांटल्यावर त्या शंभर सुट्या वस्तु होतात. तबकडीच्या कागदी पाकिटावर पुष्कळदां विक्रेत्याचें व गांवाचें नांव छापलेलें असे, मालकाचा शिक्का अगर सही असे. दुकानांत हीं फाटकीं पाकिटें सर्वांत आधीं टाकलीं जातात. रुमाल सोडून कागद विषयवार लावल्यानें जसें दप्तर नष्ट होतें, तसेंच हें होय. दुकानानें तबकडी राखली, तिचा पत्ता राखला नाहीं; आणि निवडक तेवढें उचलणारा संग्राहक ह्या दोषाचा वांटेकरी आहे.

५. ऱ्हासाचीं कारणें

पहिलें कारण मालाचें. लाखेच्या तबकड्यांचें उत्पादन हिंदुस्थानांत १९७० च्या आसपास आटोपलें. तोंपर्यंत न तुटणाऱ्या विनाइलच्या लांब तबकड्या आल्या होत्या. १९८० नंतर कॅसेटनें त्यांसही मागें सारलें. त्या वेळीं घरोघरचे ढीग बाहेर पडले व जुन्या दुकानांस भरभराटीचे दिवस आले. परंतु ती भरभराट विहिरीचा उपसा होता. झरा बंद झालेला असल्यानें पुढें माल आटत गेला.

दुसरें कारण यंत्राचें. चावीच्या ग्रामोफोनची कमान बदलणारा, ध्वनिपेटीचा पडदा बसविणारा कारागीर दुर्मिळ झाला. पोलादी टाचणी एका बाजूस एक ह्या हिशेबानें वापरावयाची. टाचण्यांच्या डब्या मिळेनाशा झाल्यावर लोकांनीं त्याच टाचण्या पुन्हा पुन्हा वापरल्या व तबकड्या खरवडून काढल्या.

तिसरें कारण जागेचें. तबकडी जड, ठिसूळ, जागा खाणारी. तिच्यावरील नफा शहरांतील भाड्याच्या मानानें अल्प. नव्या मालाच्या दुकानांसही हें झेपलें नाहीं. मुंबईंत काळाघोडा येथें १९४८ पासून चाललेलें ऱ्हिदम हाउस हें विख्यात दुकान २०१६ सालीं बंद झालें. मग दोन हात रुंदीच्या जुन्या दुकानाची कथा ती काय! चौथें कारण इंटरनेटवरील विक्रीचें. दुर्मिळ तबकडी आतां मालक अगर भंगारवाला परस्पर दूरच्या ग्राहकास विकूं शकतो. दुकानाकडे राहतो तो निवडून उरलेला गाळ. आणि तेंच गाणें इंटरनेटवर फुकट ऐकावयास मिळतें, म्हणून केवळ श्रवणासाठीं येणारा गिऱ्हाईकही गेला. पांचवें कारण वारशाचें. बापाच्या बोटांतील पारख मुलास नको असते. बाप गेला कीं दुकानांत घड्याळें, दिवे व शोभेच्या वस्तु येतात, तबकड्या भिंतीवर टांगण्यासाठीं विकल्या जातात.

६. जें टिकलें तें

तथापि हा धंदा सर्वस्वीं बुडाला असें नव्हे. विनाइलच्या तबकडीस जगभर पुन्हा मागणी आली आहे. अमेरिकेंत २०२२ सालीं विनाइल तबकड्या संख्येनें कॉम्पॅक्ट डिस्कहून अधिक खपल्या. १९८७ नंतर असें प्रथमच घडलें. आपल्याकडील जीं जुनीं दुकानें तगलीं, त्यांस ह्या वाऱ्याचा हात लागला आहे. परंतु हें पुनरुज्जीवन विनाइलचें आहे. हिंदी चित्रपटांच्या लांब तबकड्यांस गिऱ्हाईक मिळतें. १९१५ सालच्या मराठी नाट्यपदाची लाखेची तबकडी त्याच दुकानांत खालच्या फळीवर धूळ खात राहते. दुकान वांचलें म्हणजे आपलें साधन वांचलें, असा समज करून घेऊं नये.

लाखेच्या तबकड्यांस खरा आधार झाला तो संग्राहकांच्या संघटनेचा. मुंबईंत १९९० सालीं सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हें तिचें नियतकालिक; डॉ. सुरेश चांदवणकर ह्यांनीं चिटणीस ह्या नात्यानें तें जोपासलें. कलावंतवार सूचि, कंपन्यांचे वृत्तांत व ऐकण्याच्या बैठका, असें तिचें काम. बंगळूर येथें विक्रम संपत ह्यांनीं आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक काढून जुन्या तबकड्यांचीं अंकीय रूपें लोकांपुढें ठेवलीं. दुकानाचा माल, संग्राहकाची पारख व संस्थेची सूचि हीं तीन एकत्र आलीं तेथें काम झालें. दुकान ह्या तिहींतून गळालें तर पहिलाच दुवा तुटतो.

कायद्याची अडचणही समजली जाते तितकी मोठी नाहीं. १९५७ च्या कायद्यान्वयें ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षें चालतो. म्हणून १९६० पूर्वीं प्रसिद्ध झालेल्या मुद्रणांवरील तो हक्क संपलेला आहे. मात्र गीतकार व संगीतकार ह्यांचा हक्क वेगळा व त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षें चालणारा असल्यानें, प्रसिद्धीपूर्वीं तेवढें पाहून घ्यावें.

७. सरकारी तबकड्या व बाजारी तबकड्या

येथें एक तुलना उद्बोधक होईल. सर जॉर्ज ग्रिअर्सन ह्यांच्या भाषापाहणीस जोडून १९१३ ते १९२९ ह्या काळांत हिंदुस्थानांतील शंभराच्या आसपास भाषा व बोली तबकडीवर घेतल्या गेल्या. त्यांत मध्यप्रांतांतील बोलींचेही नमुने आहेत. बोलणाऱ्याकडून बहुधा बायबलांतील उधळ्या पुत्राची गोष्ट आपल्या बोलींत सांगवीत व जोडीस एखादी स्थानिक कथा अगर गाणें घेत. ह्या तबकड्या बाजारांत विकण्यासाठीं नव्हत्या. त्या ग्रंथालयांत गेल्या, त्यांच्या याद्या झाल्या आणि आज शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक अंकीय ग्रंथालयांतून त्या घरबसल्या ऐकतां येतात.

बाजारी तबकडीस असें भाग्य लाभलें नाहीं. कंपनी चालू असेतों धातूचे साचे राहत. विक्री थांबली कीं त्यांतील धातूच तेवढा मोलाचा. ज्या कंपन्या मिटल्या त्यांच्या साच्यांस वारस क्वचितच मिळाला. ओडियननें आपला येथील व्यवहार १९४० पूर्वींच आवरला. १९३५ सालीं मुंबईंत निघालेली ‘यंग इंडिया’ ही स्वदेशी छापाची कंपनीही वीस-एक वर्षेंच टिकली. अशा कंपन्यांच्या कित्येक तबकड्यांच्या बाबतींत लोकांच्या घरांत उरलेली प्रत हीच मूळ प्रत होय. विदर्भाचें उदाहरण घ्यावयाचें तर ना. घ. देशपांडे हे मेहकरचे कवि. त्यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी ह्यांनीं १९३२ च्या सुमारास तबकडीवर गायिली व मराठी भावगीताच्या इतिहासांत ती आरंभींचा टप्पा ठरली. जोशी पुढें १९३८ पासून ग्रामोफोन कंपनींतच मुद्रणाधिकारी झाले. ही तबकडी लोकप्रिय होती म्हणून राहिली. जी खपली नाहीं तिचें काय झालें, हें शोधावयाचें तर जुना ढीगच उपसावा लागतो.

८. चांदा प्रदेशांत शोध कोठें घ्यावा

मुंबईसारखें केवळ जुन्या तबकड्यांचें दुकान ह्या वनप्रदेशांत शोधीत बसूं नये. येथील मार्ग निराळे आहेत. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नव्हती, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. विजेचे खांब पोंचण्यापूर्वींच तो बैलगाडींतून कोठेंही जाऊं शके. म्हणून तबकडी मोठ्या गांवींच असेल ही समजूत चुकीची होय. माल येण्याची वाट मात्र रेल्वेची. वर्धा-वरोरा-बल्लारपूर, गोंदिया-वडसा-नागभीड-चांदा फोर्ट हा पूर्वीचा अरुंद मार्ग, आणि १९२९ च्या सुमारास काझीपेठेकडे जोडला गेलेला बल्लारशाहचा मार्ग, ह्या तीन वाटांवरील गांवांत प्रथम पाहावें. गडचिरोली जिल्ह्यास रेल्वे वडसा येथें उत्तर टोकास स्पर्श करते. त्यापुढील दक्षिणेकडील आल्लापल्ली-सिरोंचापर्यंतच्या गांवीं माल रस्त्यानें व गोदावरी-प्राणहितेच्या कांठानेंच येणार, तेव्हां तेथील ढिगांत मराठीबरोबर तेलुगु तबकड्याही सांपडणें स्वाभाविक आहे. त्या परभाषेच्या म्हणून वेगळ्या काढूं नयेत. सीमेवरील गांव काय ऐकत होतें ह्याची साक्ष त्या मिश्रणांतच आहे.

दुसरा मार्ग लाऊडस्पीकर भाड्यानें देणाऱ्यांचा. लग्नाच्या मांडवांत, जत्रेंत व नाटकाचा पडदा उघडण्यापूर्वीं रेकॉर्डी लावण्याची चाल साऱ्या महाराष्ट्रांत होती. त्या धंद्यांतील माणसांजवळ पेट्याच्या पेट्या साठत. चंद्रपूरची चैत्रांतील महाकालीची जत्रा, मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा, अशा ठिकाणीं ज्यांचा भोंगा वाजत असे, त्यांचीं घरें विचारावीं. तिसरा मार्ग रेडिओ व घड्याळें दुरुस्त करणाऱ्यांचा; दुरुस्तीस आलेलें व परत न नेलेलें यंत्र आणि त्यासोबतच्या तबकड्या अशा दुकानांच्या माळ्यावर पडून असतात.

चौथा मार्ग झाडीपट्टीच्या रंगभूमीचा. दिवाळीनंतर फेब्रुवारी-मार्चपर्यंत रात्ररात्र चालणारीं हीं नाटकें, त्यांचें वडसा येथील केंद्र व प्रत्यक्ष गाऊन म्हटलीं जाणारीं पदें हीं वाचकांस परिचित आहेत. श्री. परशुराम खुणे ह्यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाल्यानें ह्या रंगभूमीकडे दूरच्यांचेंही लक्ष गेलें. येथील जुन्या नटांच्या तोंडीं जीं नाट्यपदें आहेत, त्यांची चाल गुरुमुखानें आली कीं तबकडीवरून उचलली, हें ठरविण्याचा उपाय एकच: नटाचें गाणें आजच मुद्रित करून घ्यावें व त्याच पदाच्या जुन्या तबकडीशीं ताडून पाहावें. तबकडीवरून उचललें असेल तर तीन मिनिटांच्या मर्यादेनें झालेली काटछाट त्या गायनांत उमटलेली सांपडेल.

९. संग्राहकांस सूचना

ढीग सांपडल्यास तो शक्यतों अखंड घ्यावा. घेणें शक्य नसेल तर फुटण्यापूर्वीं त्याची यादी करावी. प्रत्येक तबकडीची कंपनी, यादीचा क्रमांक, लाखेंतील ठशाचा क्रमांक, चिठीवरील मजकूर जसाच्या तसा, उद्घोषणा असल्यास तिचे शब्द, पाकिटावरील विक्रेता व गांव, मालकाचा शिक्का, आणि ढीग कोठें, केव्हां, कोणाच्या घरून आला, एवढें टिपावें. मालकाची संमति नसेल तर त्याचें नांव प्रसिद्ध करूं नये, पण गांव अवश्य नोंदावें. तडकलेली तबकडी टाकूं नये. तिचा क्रमांकही पुरावा आहे.

लाखेची तबकडी स्पिरिटनें कदापि पुसूं नये. शेलॅक मद्यार्कांत विरघळतें. पोथी पाण्यांत बुडविण्यापैकींच तें आहे. मऊ कोरड्या कुंच्यानें धूळ काढावी. तबकड्या आडव्या रचून ठेवूं नयेत, उभ्या ठेवाव्या. चंद्रपूरच्या उन्हाळ्यांत पत्र्याखालच्या माळ्यावर त्या वांकतात. पावसाळ्यांत पाकिटांस वाळवी लागते. जुन्या जड यंत्रावर दुर्मिळ तबकडी वारंवार वाजवूं नये. एकदांच, योग्य सुईनें व वेग तपासून, अंकीय नक्कल करवून घ्यावी व मूळ बाजूस ठेवावें.

आणि जुन्या दुकानदाराशीं वागतांना केवळ घासाघीस करूं नये. हा माल कोठून आला, हा प्रश्न त्यास प्रत्येक वेळीं विचारावा. उत्तराचें मोल आहे हें कळलें म्हणजे तो स्वतःच पाकिटें ठेवूं लागेल व ढीग फोडण्यापूर्वीं निरोप पाठवील. मंडळांनीं वर्षास थोडी रक्कम अशा ढिगांसाठीं राखून ठेवली तर दुकानासही एक निश्चित गिऱ्हाईक लाभेल. रद्दीच्या तराजूंतून कागद सोडवीत आमच्या पूर्वसूरींनीं मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें जमविलीं, वि. का. राजवाडे ह्यांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, तो अशाच शोधाचें फळ. कागदाला उशीर झाला तरी अक्षर बरेच दिवस टिकतें. लाखेची तबकडी हातून पडली कीं तेवढ्यावरच संपते. यास्तव ज्यांच्या गांवीं असा एखादा ढीग ठाऊक असेल, त्यांनीं येत्या उन्हाळ्यापूर्वीं त्याची यादी करून मंडळाकडे पाठवावी, अशी विनंती आहे.